तांब्या पडला तर

“मॅडम, तिथं जमीन रोज हलती म्हणता, मग तिथली माणसं झोपतात कुठं? घरात का बाहेर?”

हर्षालीनं विचारलं आणि शाळेच्या वरच्या हॉलमध्ये पाठीमागच्या रांगेत दबकं खिदळणं सुरू झालं. प्रश्न तिचा नव्हताच. वर्गातल्या अर्पितानं पैज लावली होती, की आइसलँडहून आलेल्या पाहुणीला हे सगळ्या पालकांसमोर उभं राहून विचारायचं. विचारलंस तर माझी सायकल आठवडाभर तुझी. वर्षभरापूर्वी हीच हर्षाली हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा बाकाखाली बघायची. पण धाराशिवच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा पहिला नंबर आला आणि तिच्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. आता ती दुकानात मोठ्यानं मागायची, फळ्यावरच्या चुका सरांना दाखवायची, आणि पैज म्हटली की हात आपोआप वर जायचा. सायकलीसाठी तर तिनं कलेक्टर साहेबांनाही अडवलं असतं.

पाहुणी म्हणजे इरा मॅडम. मूळच्या पुण्याच्या, पण गेली सहा वर्षं आइसलँडमध्ये जमिनीची थरथर मोजायचं काम करणाऱ्या. पुण्याची एक संस्था जिल्ह्यातली आठ पोरं मे महिन्यात त्या देशात सहलीला नेणार होती, बर्फ आणि ज्वालामुखी दाखवायला, आणि मॅडम पालकांशी बोलायला म्हणून एकेका शाळेत फिरत होत्या. लोहारा तालुक्यातून निवडली गेलेली एकटी हर्षाली, नववीतली. सगळी सोय संस्थेची. घरच्यांनी फक्त एका कागदावर सही करायची होती, ती शनिवारी दुपारी बारापर्यंत. सही आली नाही तर जागा कळंबच्या मुलीला जाणार होती. ती नवव्या नंबरवर देव पाण्यात घालून बसलेली असणार, असं अर्पिता म्हणायची. आज गुरुवार होता.

“घरातच झोपतात,” इरा मॅडम हसून म्हणाल्या. “दार लावून, पडदे ओढून. एकदा ज्वालामुखी जागा व्हायच्या आधी आम्ही एका दिवसात हजाराच्या वर धक्के मोजले होते. बहुतेक इतके बारीक, की कपातला चहासुद्धा हलत नाही. मी नवीन होते तेव्हा दोन महिने बूट घालून झोपायचे. मग एक दिवस काढले.”

हॉल हसला. मॅडमनी हर्षालीकडं जरा निरखून बघितलं आणि विचारलं, की तूच ना ती तांब्यावाली?

हर्षालीनं छाती पुढं काढून हो म्हटलं. मग मॅडमनी तिचं प्रदर्शनातलं प्रोजेक्ट सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि कौतुकानं सांगितलं. पालथं ताट, ताटावर पालथा तांब्या, तांब्याच्या बुडावर फुलपात्र आणि फुलपात्रात दोन गोट्या. जमीन जराशी जरी हलली तरी फुलपात्र फरशीवर येणार आणि असा खणखणाट होणार, की गाढ झोपलेलं माणूस ताडकन उठून बसेल. हिच्या वडिलांनी हे वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी उंबऱ्याशी मांडलंय, मॅडम म्हणाल्या. ते घरातल्या सगळ्यांना दाराच्या तोंडाशी झोपवतात. चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवतात. जिन्याची पायरी चढत नाहीत. या पोरीनं हे सगळं चार्टवर काढलं होतं, घराच्या नकाशासकट, कोण कुठं झोपतं त्याच्यासकट. चपलांपाशी आल्यावर लोक जरा जास्तच हसले. हर्षालीही हसली.

तेवढ्यात अर्पितानं तिच्या ओढणीला मागून हिसका दिला. हर्षालीनं वळून पाहिलं तर मागची रांग हसायची थांबली होती आणि सगळ्या दाराकडं बघत होत्या.

दारात तिचे आप्पा उभे होते.

महांतप्पा बिराजदार या शाळेत आजवर दहा-बारा वेळा तरी आले असतील, पण खालीच. पालकसभा वर भरायची आणि ते खाली लिंबाच्या झाडाखाली थांबायचे. सभा संपली की एखादे सर खाली येऊन त्यांना काय ते सांगून जायचे. गावात त्याला कुणी नाव ठेवत नव्हतं. किल्लारीच्या भूकंपात जुनं गाव झोपलं ते झोपलंच. हे नवं गाव सरळ गल्ल्यांचं, पत्र्याच्या न् सिमेंटच्या घरांचं. त्या वेळी जे पोरसवदा होते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना काही ना काही सवय लागलेली. आप्पा तेव्हा नऊ वर्षांचे होते. जिना चढायचा नाही ही त्यांची सवय, आणि त्या सवयीच्या भरवशावरच हर्षालीनं पैज घेतली होती. आप्पा वर येणं शक्यच नव्हतं.

आले होते. एक हात चौकटीला घट्ट धरलेला, गिरणीतलं पीठ भुवयांवर तसंच, आणि कपाळावरून घाम त्या पिठातून वाट काढत खाली येत होता. दुसऱ्या हातात उमरग्याच्या दुकानाची पिशवी. तिच्यात काय होतं ते हर्षालीला ठाऊक होतं, कारण परवा तिनंच ते अंगाला लावून बघितलं होतं. जांभळं लोकरीचं स्वेटर. ते मॅडमना दाखवून, एवढ्यानं तिथली थंडी भागेल का, एवढंच त्यांना विचारायचं असणार.

कारण आप्पांना आइसलँडबद्दल थंडी सोडून काही माहीत नव्हतं. ते हर्षालीनं सांगितलंच नव्हतं. घरी तिनं मोबाइलवर बर्फ दाखवला होता, केसाळ मेंढरं दाखवली होती, हिरव्या गवताचे डोंगर दाखवले होते. ज्वालामुखीचं चित्र आलं की तिचा अंगठा आपोआप पुढं सरकायचा. खोटं ती एक अक्षर बोलली नव्हती. तेवढं सोडून सगळं सांगितलं होतं. आणि आप्पा गिरणीत आलेल्या प्रत्येकाला पायली दळून होईपर्यंत ऐकवायचे, की आमची पोरगी बर्फाच्या देशाला चालली.

आता त्यांनी जमिनीचं हलणं ऐकलं होतं, चपला ऐकल्या होत्या, लोकांचं हसणंही ऐकलं होतं. चौकट सोडली, वळले, आणि जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज आला. एक पायरी, मग थांबणं. दुसरी पायरी, मग थांबणं.

अर्पितानं सायकलीची किल्ली पुढं केली. हर्षालीनं ती घेतली नाही.

घरी जाताना ती आप्पांच्या मोटारसायकलवर मागं बसली होती. एरवी वाटेत त्यांचं बोलणं चालायचं, ऊस कुणाचा तुटला, कुठल्या वाडीत डीपी जळाला. आज मोटारसायकलीचाच आवाज. हर्षालीनं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा वाऱ्यानं घशात धूळ भरली. स्वेटरची पिशवी हँडलला लटकत होती आणि खड्डा आला की त्यांच्या गुडघ्यावर आपटत होती.

संध्याकाळी दिवा लागला, आई नीलानं भाकरी थापल्या, जेवणं झाली. आप्पांनी हात धुतले आणि ते अंगणात खाटेवर जाऊन बसले. उंबऱ्याशी काही नव्हतं. ताट मांडणीत, तांब्या मांडणीत. हर्षालीला आठवत होतं तेव्हापासून अशी संध्याकाळ घरात आली नव्हती. एकदा मांजरानं फुलपात्र पाडलं होतं तेव्हा आईच्या हातात कणकेचा गोळा तसाच राहिला आणि निम्मी गल्ली रस्त्यावर आली होती. त्याची आठवण काढून हे घर अजून हसायचं. पण तांब्या मांडलाच नाही, हे कधी झालं नव्हतं.

शेवटी आईनंच उठून मांडला. तांब्या ताटाच्या मधोमध आला नाही, फुलपात्र कललं, आणि गोट्या कुठं ठेवतात ते तिला सापडेना. हर्षालीच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून बघतोय. आपल्यालाही ते मांडलेलं लागतं. चार्टवर हे लिहायचं राहून गेलं होतं.

आईनं तिला चूल आवरताना खालच्या आवाजात झाडलं. देश हलणारा हाय हे तू लपवलंस, ते एक वेळ पोरवय म्हणून सोडून देईन, आई म्हणाली. पण घरातलं घरात ठेवायचं असतं, ते तू लोकांच्या भिंतीला चिकटवून आलीस. ते चार्टवर रंग भरताना तुला एकदा तरी वाटलं का, की बापाला विचारावं? रंग भरताना तिला फक्त एवढंच वाटलं होतं की असं दुसऱ्या कुणाकडंच नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती गिरणीवर गेली. गिरणी चालू होती. पट्टा फडफडत होता आणि जमीन, भिंत, टेकलेला हात, सगळं थरथरत होतं. गिरणीची थरथर आप्पांना कशी चालते, असं तिनं लहानपणी विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, ही बटणानं बंद होती. आत्ता त्यांनी बटण दाबलं नाही. दोन बायका डबे घेऊन रांगेत होत्या, त्यांच्यासमोरच हर्षालीला ओरडून बोलावं लागलं, की आप्पा माझं चुकलं. तेवढ्या आवाजात माफी मागणंसुद्धा भांडल्यासारखं वाटत होतं.

आप्पांनी पीठ चिमटीत धरून बारीक झालंय का ते बघितलं. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “सगळं लिव्हलंस. दोन गोट्या का, ते न्हाय लिव्हलंस.”

“का म्हणजे? वाजायला.”

त्यांनी मान हलवली, हो म्हणून का नाही म्हणून ते तिला कळलं नाही, आणि पुढचा डबा उचलून वरच्या तोंडात ओतला.

हे तिनं शाळेत येऊन अर्पिताला सांगितलं. अर्पिताला गोट्यांमध्ये रस नव्हता. तिला उद्याचे बारा दिसत होते. तिनं हर्षालीच्या दप्तरातून प्रगतिपुस्तक काढलं आणि आप्पांच्या सह्या उघडून ठेवल्या. सही अगदी साधी होती. म. शि. बिराजदार, एकेक अक्षर सुटं, आणि शेवटी सगळ्यांवरून एकच लांब रेघ, थेट कागदाच्या कडेपर्यंत, जशी काही सगळ्या अक्षरांना एका पत्र्याखाली घेतलंय. अर्पिता म्हणाली, ही तर दुसरीतलं पोरगंसुद्धा मारील. तू तिकडून आलीस की ते विसरून जातील. आणि न्हाई गेलीस तर तू जलमभर विसरणार न्हाईस.

हर्षालीनं वहीच्या मागच्या पानावर अकरा वेळा सही केली. बारावी संमतीपत्रकावर. रेघ ओढताना हात जराही हलला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. कागद तिनं भूगोलाच्या पुस्तकात घातला. संध्याकाळी आप्पा उशिरा आले. कुठं होते ते कुणी विचारलं नाही. आज तांब्या त्यांनी मांडला, नीट, मधोमध. हर्षाली भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती आणि पान उलटत नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा. सव्वाअकराला ती ऑफिसात गेली. सहलीचं काम बघणारे सूर्यवंशी सर टेबलाशी बसून याद्या लावत होते. दाराबाहेर अर्पिता खांबाला टेकून उभी होती. हर्षालीनं कागद सरांपुढं ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तिला टकटक ऐकू येत होता.

सरांनी सही बघितली आणि चष्मा कपाळावर सारला. “केली का शेवटी? बरं झालं. काल मला वाटलं न्हाई करत.”

“काल?”

मग सरांनी सांगितलं. काल शाळा सुटल्यावर महांतप्पा आले होते. खाली थांबले नाहीत, सरळ वर हॉलमध्ये आले आणि खुर्चीवर बसले. अर्धा तास बसले. पाणी दिलं ते हातातच धरून ठेवलं, आणि हातातलं पाणी हलत होतं. मग तीन प्रश्न विचारले. पोरींना कितव्या मजल्यावर ठेवणार. सरांनी मॅडमना फोन लावून विचारलं, खालच्याच. दार आत उघडतं का बाहेर. मॅडमना ते बघून सांगावं लागणार होतं. आणि तिसरं, दाराला आतून कडी असती का.

“मी म्हटलं, असणारच की, पोरीबाळी राहणार,” सर म्हणाले. “त्यावर ते उठूनच उभे राहिले. म्हणाले, सही करायला हात धजत न्हाय, सोमवार दहापर्यंत मुदत द्या. मी मॅडमना विचारून दिली. तर बघ, सोमवारची गरजसुद्धा पडली न्हाई.”

त्यांनी शिक्का उचलला आणि शाईच्या पॅडवर टेकवला.

आता फक्त गप्प बसायचं होतं. एक शिक्का, आणि मे महिना, बर्फ, मेंढरं, विमान. बाहेरून अर्पिता डोळे मोठे करून खुणावत होती. हर्षालीच्या डोळ्यांपुढं मात्र घरातली आतली खोली आली. त्या खोलीत धान्याची पोती आणि गोधड्या असायच्या, झोपायला तिथं कधीच कुणी गेलं नव्हतं. तिच्या दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी चार स्क्रूची भोकं होती. घरातल्या एकाही आतल्या दाराला कडी नव्हती, न्हाणीला सुतळीचा फास होता. लहानपणी तिला वाटायचं की दारं अशीच मिळतात. नकाशा काढताना तिनं दारं काढली होती, भोकं काढली नव्हती.

“सर, थांबा.” तिनं कागदावर हात ठेवला. शिक्का तिच्या बोटांच्या वरच अडला. “ही सही मी केलीय.”

सूर्यवंशी सरांनी शिक्का हळूच पॅडवर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ड्रॉवर उघडून नवा कोरा कागद काढला, तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, की सोमवारी दहा म्हणजे दहा, मग माझ्या हातात काही न्हाई. आणि हे घरी कोण सांगणार, मी का तू?

“मी,” हर्षाली म्हणाली.

अर्पिता पूर्ण रस्ताभर तिच्याशी भांडली. एवढा वेड्यांचा बाजार मी बघितला न्हाई, ती म्हणाली, आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सायकलीची किल्ली हर्षालीच्या दप्तरात टाकून निघून गेली. पैज ती पैज.

घरी वीज गेलेली होती, म्हणून गिरणी बंद आणि आप्पा घरात. उंबऱ्याजवळच्या त्यांच्या नेहमीच्या जागेवर ते पाट घेऊन बसले होते. आई ताट वाढत होती. हर्षालीनं दप्तर काढलं नाही, तसंच पाठीवर ठेवून ती दोघांच्या समोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगितलं. चार्टचं, लपवलेल्या ज्वालामुखीचं, अकरा सह्यांचं आणि बाराव्या सहीचं. मग खोटा कागद काढून आप्पांच्या पुढं ठेवला.

आईचा हात वाटीवर थांबला. तिनं आप्पांकडं पाहिलं, म्हणजे हे आप्पांनीच निस्तरायचं होतं.

आप्पांनी कागद उचलला आणि सही बराच वेळ बघितली. त्या लांब रेघेवरून अंगठा फिरवला. “रेघ माझ्यापेक्षा सरळ आलीय,” ते म्हणाले. आवाजात राग शोधून सापडत नव्हता.

“आप्पा, दोन गोट्या का?”

त्यांनी ताट बाजूला सारलं. घास घेतलाच नव्हता.

“शांताक्काच्या हायत,” ते म्हणाले.

शांताक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचा एकही फोटो घरात नव्हता. भूकंपात गेली एवढंच हर्षालीला माहीत होतं, आणि तेव्हा ती पंधराची होती. आप्पा कधी तिचं नाव काढायचे नाहीत. आत्ता ते उंबऱ्याकडं बघत बोलायला लागले, थांबत थांबत, परवा जिना उतरले होते तसे. शांताक्का गोट्या खेळायची. गल्लीतली पोरं तिच्यापुढं टिकायची नाहीत. जिंकलेल्या गोट्या ती डब्यात ठेवायची आणि महांतप्पा त्या डब्यावर टपलेला असायचा. म्हणून ती डबा घेऊन आतल्या खोलीत झोपायला लागली. भूकंपाच्या आदल्या दिवशी गावात गणपती बोळवले. मिरवणुकीच्या गर्दीत आक्का पुढं नाचत होती, तेवढ्यात त्यानं डब्यातल्या दोन लांबवल्या. रात्री तिनं गोट्या मोजल्या आणि पहिल्यांदाच आतून कडी लावली.

“पहाटं हाललं तवा म्या दाराशी निजलो हुतो,” आप्पा म्हणाले. “पळालो भाईर. आक्का आतून कडी काढीत हुती. कडीचा आवाज येत हुता. चौकट बसली खाली, कडी निघंना. गोट्या माज्या खिशात.”

आईनं वाटी खाली ठेवली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, तरी हे तिनंही आजच ऐकलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“म्या चोरल्या नसत्या तर तिनं कडी लावली नसती,” आप्पा म्हणाले. “हे लिव्ह आता चार्टवर.”

हर्षालीला गेल्या वर्षभरात कुठल्याही प्रश्नावर बोलता येत होतं, ती कुठंही हात वर करत होती. आता सॉरी हा शब्द तोंडात आला आणि फार लहान वाटला. तिला वाटलं की कोरा कागद फाडावा, न्हाई जात म्हणावं, आणि संपवावं. आप्पांनी आजच्याला सही केली तरी ती हर्षालीच्या मनासाठी केलेली असेल, आणि मग मे महिन्यात दहा दिवस ते या उंबऱ्याशी उघड्या डोळ्यांनी बसतील. पण आपण गेलो नाही तरी ते बसणारच आहेत. इतकी वर्षं बसलेतच. काल मात्र तेच आप्पा जिना चढून गेले होते आणि अर्धा तास हातातलं हलतं पाणी बघत वर बसले होते. कुणी पैज लावली नव्हती.

तिनं दप्तर काढून खुंटीला अडकवलं. कोरा कागद आप्पांच्या पाटाजवळ ठेवला. मग ती आतल्या खोलीत गेली, तिथलं एक पोतं भिंतीकडं रेटलं, मोकळी झालेली जागा झाडली आणि गोधडी अंथरली. दोघंही दारातून तिच्याकडं बघत होती. काय करतीस, आईनं विचारलं.

हर्षाली आतूनच दाराशी आली. दाराच्या पाठीमागच्या चार भोकांवर तिनं हात टेकला.

“आप्पा, सही करायची का न्हाई ते तुमी सोमवारी ठरवा. मी आता त्या कागदाला हात लावणार न्हाई. पण आज न् उद्या, दोन दिवस, मी इथं आत झोपणार हाय. दार लावून. कडी तशीबी न्हाईच.” तिनं उंबऱ्याकडं बोट केलं. “तुमी तुमचं रोजच्यावाणी मांडा, दोन्ही गोट्या घालून. पडला तांब्या तर मला हाक मारा. न्हाई पडला, तर मारू नका.”